मिलेटस ते अथेन्स: आस्पासियाच्या वाटेनं सहा दिवस

आस्पासियानं लिहिलेली एकही ओळ आज हातात नाही. तिचं घर कुठं होतं, कबर कुठं आहे, हे कुणी दाखवू शकत नाही. उरलंय ते दोन शहरं, एक युद्ध आणि दुसऱ्यांनी तिच्याबद्दल लिहिलेलं. जन्म आजच्या तुर्कस्तानातल्या मिलेटस या ग्रीक शहरातला, इसवीसनपूर्व 470 च्या आसपास. वडलांचं नाव आक्सिओखोस. पुढं अथेन्स, तिथला नेता पेरिक्लिस याच्याबरोबरचा संसार, आणि सॉक्रेटिसच्या शिष्यांच्या लिखाणात वक्तृत्वाची शिक्षिका म्हणून नाव. मधे सामोस बेट, जिथल्या युद्धाचं खापर तिच्या माथ्यावर फोडलं गेलं. या तीन ठिकाणांना सहा दिवस पुरतात. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न सोबत ठेवावा: हे कुणी सांगितलं, आणि किती वर्षांनी?

दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवावी. ती याच दिशेनं गेली हे एक कारण. दुसरं कारण व्हिसाचं. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो तो शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा असेल तरच. त्यामुळे आधी ग्रीसमार्फत शेंगेन काढायचा. तुर्कस्तानात उतरण्याच्या दिवशी त्याची मुदत सुरू झालेली असली पाहिजे. बरेच जण मुदत ग्रीसच्या तारखेपासून धरतात आणि तिथंच अडकतात. उलट दिशेनं गेलं, तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन तोवर वापरून झालेला असतो आणि तुर्कस्तानच्या सीमेवर तो वैध धरतीलच असं नाही. अर्जातल्या कार्यक्रमात ग्रीसमधला पहिला प्रवेश सामोसला दाखवायला विसरू नये.

हंगाम एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा, नाहीतर सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर. कुशादासी ते सामोस बोटी प्रामुख्यानं एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, बोटी रद्द होतात, आणि उष्णतेची लाट आली की अॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवतात.

दिवस 1: इझमीर, सोके, प्रिएने

मुंबईहून इस्तंबूल, तिथून इझमीर. विमानतळावरच दोन दिवसांसाठी गाडी भाड्यानं घ्यावी. सोकेपर्यंत सुमारे दीड तास. गाडी चालवायची नसेल तर बसनं सोके आणि पुढं डोल्मुशनं, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारख्या मिनीबसनं, ग्युल्लूबाहचे गाव गाठावं. प्रिएने त्या गावाच्या डोक्यावरच आहे. हा बेत प्रिएनेपुरता चालतो. मिलेटसकडे डोल्मुश इतक्या कमी की एक चुकली तर दिवस गेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशीसाठी सोके किंवा दिदिमहून अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवलेली बरी.

प्रिएनेला यायचं कारण युद्धाचं. इसवीसनपूर्व 440 मध्ये सामोस आणि मिलेटस याच प्रिएनेवरून भांडले. मात्र डोळ्यांसमोर दिसतं ते शहर त्या भांडणातलं नाही. हे इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या मध्याला नव्यानं वसवलेलं. जुनं प्रिएने अजून सापडलेलं नाही. अथेनाच्या देवळाचे उभे केलेले पाच खांब पाहावेत आणि तिथून दक्षिणेकडे नजर टाकावी. खाली मैलोगणती कापसाची सपाट शेतं आहेत. त्या सगळ्या जागी समुद्र होता. मेंडेरेस नदीनं, म्हणजे जुन्या मिआंडरनं, गाळ आणून आणून खाडी बुजवली. हे दृश्य डोक्यात पक्कं बसलं की उद्याचं मिलेटस कळतं. पायऱ्यांचा संगमरवर गुळगुळीत झालाय, पकड असलेले बूटच हवेत. मुक्काम दिदिमला.

दिवस 2: मिलेटस, मग दिदिमा

नकाशावर ‘बालात’ टाकलं तर फोन इस्तंबूलमधल्या बालात मोहल्ल्यात नेऊ पाहतो. ‘मिलेट’ टाकावं. दिदिमहून सुमारे 20 किलोमीटर. सकाळी उघडतानाच पोचावं, कारण आत सावली जवळजवळ नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी धरावी. हिवाळ्यात आणि पावसाळी वसंतात सखल भागात पाणी साचतं. लायन हार्बरचा संगमरवरी सिंह तर दलदलीत अर्धा रुतलेला आहे. त्या दिवसांत घोट्यापर्यंतचे बूट नसतील तर अर्धं शहर लांबूनच पाहावं लागतं.

गाडीतळावरून समोर येतं ते नाट्यगृह. आताच्या रूपात सुमारे 15,000 माणसं बसतील एवढं, आणि पाहणारा तिथंच चुकतो. हे रोमन काळातलं. बुलेउटेरिऑन, म्हणजे नगरसभेची इमारत, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातली, आस्पासियानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी बांधलेली. फाउस्टिनाचं स्नानगृह त्याहून नंतरचं. बाजाराचं प्रसिद्ध दार तर बर्लिनला पेर्गामोन संग्रहालयात आहे. मग तिच्या काळातलं काय उरलं? तीन गोष्टी, आणि त्या याच क्रमानं पाहाव्यात.

पहिली म्हणजे जागेची रचना. नाट्यगृहाच्या माथ्यावरच्या बायझंटाइन किल्ल्यावर चढावं. पश्चिमेला मैदानात एक बुटकी टेकडी दिसते, ती लादे. तेव्हाचं ते बेट. इसवीसनपूर्व 494 मध्ये तिथल्या समुद्रात आयोनियन, म्हणजे या किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांचं, आरमार हरलं आणि पर्शियनांनी मिलेटस जाळलं. फ्रिनिखोस या नाटककारानं त्यावर अथेन्समध्ये नाटक केलं, प्रेक्षक ढसाढसा रडले, आणि दुखऱ्या जागेवर बोट ठेवल्याबद्दल त्याला 1,000 द्राख्मा दंड झाला. समुद्र आज इथून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे.

दुसरी, रस्त्यांची चौकट. 479 नंतर शहर नव्यानं उभं राहिलं ते काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवर. नगररचनेशी ज्याचं नाव जोडलं जातं तो हिप्पोदामोस इथलाच. आस्पासिया लहानाची मोठी झाली ती या अर्ध्या बांधलेल्या शहरात. थेलिस, अनाक्सिमँडर, अनाक्सिमेनिस यांचं मिलेटस तिनं पाहिलं नाही, ते तिच्या जन्माआधीच जळालं. ‘तत्त्वज्ञांच्या गावची मुलगी’ असं लिहिताना हा मधला राखेचा थर बहुतेक जण वगळतात.

तिसरी, देल्फिनिऑन, लायन हार्बरच्या टोकाचं अपोलोचं अंगण. वरची बांधणी नंतरची, जागा मात्र तीच. दिदिमाला जाणारी पवित्र मिरवणूक इथून निघायची.

इथं एक गोष्ट मराठी वाचकासाठी. मिलेटस आयोनियातलं एक मोठं शहर, आणि ‘यवन’ हा शब्द याच आयोनियावरून, पर्शियन ‘यौन’च्या मार्गानं आपल्याकडे आला. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. तो शब्द जिथून निघाला, ते मैदान हे.

दुपारनंतर दिदिमा. प्रचंड देऊळ आहे, खांब जवळपास 20 मीटर उंच. तिच्या लहानपणी मात्र इथं जळका अवशेष होता आणि देववाणी बंद पडलेली होती. तासाभरात होतं. संध्याकाळी कुशादासी गाठून गाडी परत द्यावी. वेगळ्या शहरात गाडी सोडण्याचे जादा पैसे आधी विचारून घ्यावेत.

दिवस 3: कुशादासी ते सामोस

बोटीचं तिकीट एकेरी मागावं. खिडकीवर न विचारता त्याच दिवशी परत येण्याचं तिकीट फाडतात. सुटायच्या तासभर आधी बंदरावर हजर राहावं. बोट वाथीला जाते की पिथागोरिओला, हे तिकिटावर पाहूनच मुक्काम ठरवावा. दोन्ही गावांमधे डोंगर आहे. शेंगेनचा शिक्का सामोसच्या छोट्याशा खिडकीवर पडतो, तेव्हा विमा, हॉटेल आणि परतीचं विमान कागदावर छापलेलं जवळ असू द्यावं.

बेट आणि आशियाचा किनारा यांत अरुंद जागी दीडेक किलोमीटरचंच अंतर आहे. युद्ध का पेटलं ते इथं उभं राहिलं की समजतं. सामोस जिंकत होतं, मिलेटस अथेन्सकडे दाद मागायला गेलं. पेरिक्लिस 40 जहाजं घेऊन आला, सत्ता उलथवली, 50 पुरुष आणि 50 मुलगे ओलीस नेले. सामोसनं पुन्हा बंड केलं. नऊ महिने वेढा पडला, 439 मध्ये तट पाडून जहाजं हवाली करावी लागली. सामोसच्या आरमाराचा नेता मेलिस्सोस हा तत्त्वज्ञ होता आणि अथेन्सच्या त्या वर्षीच्या सेनापतींत नाटककार सोफोक्लिस.

आता दोन साक्षी शेजारी ठेवाव्यात. इतिहासकार थ्युसिडिडिस त्याच काळातला, स्वतः सेनापती झालेला. तो कारण सांगतो मिलेटसच्या तक्रारीचं आणि सामोसमधल्याच काही सत्तांतर हवं असलेल्यांचं. आस्पासियाचं नाव त्याच्या अख्ख्या इतिहासात एकदाही येत नाही. चरित्रकार प्लुटार्क पाचशेहून अधिक वर्षांनी लिहितो की, पेरिक्लिसनं हे आस्पासियाला खूश करायला केलं असं मानलं जातं. ‘मानलं जातं’ हे त्याचेच शब्द, पण पुढच्या पुस्तकांतून ते गळून गेले. ती मिलेटसची आणि लाभ मिलेटसला, एवढ्या धाग्यावर हा आरोप टांगलेला आहे. अथेन्सचा आपल्या अंकित शहरांवरचा धाक जायला निघाला होता. पेरिक्लिसला जहाजं काढायला घरातल्या आग्रहाची गरज नव्हती.

दिवस 4: हेराइऑन, बोगदा, रात्रीची बोट

पिथागोरिओहून सहा किलोमीटरवर हेराचं देऊळ. एकच खांब उभा, तोही निम्मा, भूकंपानं चकत्या सरकलेला. तासभर पुरे. एव्पालिनोसचा बोगदा इसवीसनपूर्व सहाव्या शतकातला, 1,036 मीटर लांब, डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खणत आणून मधे जोडलेला. ठरलेल्या वेळेच्या गटातूनच आत सोडतात आणि आठवड्यात एक दिवस बंद असतो. सुरुवातीचा जिना आणि वाट अंगाला घासेल इतकी अरुंद आहे, कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी बाहेरच थांबावं.

शाकाहारींसाठी: तुर्कस्तानात ‘झेतिनयाली’ म्हणजे ऑलिव्ह तेलातल्या भाज्या मागाव्यात. मसुराच्या सूपमध्ये मटणाचं पाणी आहे का ते विचारावं. ग्रीसमध्ये ‘निस्तिसिमा’ म्हणजे उपवासाचं जेवण. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कालवं, कोळंबी, ऑक्टोपस चालतात. तेव्हा हा एक शब्द पुरत नाही, ‘समुद्रातलंही नको’ हे वेगळं सांगावं लागतं.

अथेन्सच्या पिरेउस बंदराची बोट वाथीहून सुटते की कार्लोवासीहून ते नीट पाहावं. दोन्हीत तीसेक किलोमीटर आहेत. प्रवास बराच लांबचा, बोटीप्रमाणे वेळ बदलतो. रात्रीची मिळाली तर उत्तम, कारण वाचायला वेळ लागणार आहे.

वाचनाचा क्रम महत्त्वाचा. आधी थ्युसिडिडिसच्या दुसऱ्या भागातलं पेरिक्लिसचं अंत्यभाषण, म्हणजे युद्धात पडलेल्यांना पुरताना केलेलं भाषण. मग प्लेटोचा ‘मेनेक्सेनस’, जेमतेम वीस पानांचा. प्लुटार्क सर्वांत शेवटी, कारण त्यातल्या कुचाळक्या आधी वाचल्या की बाकी सगळ्याला त्यांचाच वास लागतो. ‘मेनेक्सेनस’मध्ये सॉक्रेटिस सांगतो की, वक्तृत्व मला आस्पासियानं शिकवलं, पेरिक्लिसचं अंत्यभाषणही तिनंच रचलं, आणि त्यातून उरलेले तुकडे जोडून तिनं काल मला एक नवं भाषण ऐकवलं, पाठ करताना विसरायचो तेव्हा मार खाता खाता वाचलो. हे शब्दशः घेऊ नये. त्या भाषणात इसवीसनपूर्व 386 च्या तहापर्यंतच्या घटना येतात आणि सॉक्रेटिसला 399 मध्येच मरण आलं. प्लेटो जाणूनबुजून खेळतोय. पण ‘आस्पासिया भाषणं रचायला शिकवते’ ही गोष्ट वाचकांना आधीच ठाऊक असल्याशिवाय तो खेळ जमलाच नसता.

तिची रीत सगळ्यात जवळून दिसते ती सॉक्रेटिसचा शिष्य एस्खिनिस याच्या हरवलेल्या संवादातल्या एका तुकड्यात. रोमन वक्ता सिसेरोनं तो लॅटिनमध्ये उतरवला म्हणून वाचला. आस्पासिया झेनोफोनच्या बायकोला विचारते, शेजारणीचं सोनं तुझ्या सोन्याहून चांगलं असेल तर तुला कुठलं हवं? ‘तिचं.’ कपडे आणि दागिने तुझ्याहून भारी असतील तर? ‘तिचेच.’ आणि नवरा तुझ्या नवऱ्याहून चांगला असेल तर? बाई लाजून गप्प. मग तेच झेनोफोनला: शेजाऱ्याचा घोडा, शेजाऱ्याचं शेत, आणि शेवटी शेजाऱ्याची बायको. तोही गप्प. तेव्हा ती म्हणते, जे ऐकायचं होतं तेच दोघांनी सांगितलं नाही. तुम्हां दोघांना सर्वोत्तम जोडीदार हवा आहे, तर तुम्ही स्वतः सर्वोत्तम झाल्याशिवाय ते कसं होणार? दोन सोपे होकार मिळवायचे, तिसरा त्याच साच्यात ठेवायचा आणि उत्तर समोरच्याच्याच घशात अडकवायचं. ज्या पद्धतीला जग सॉक्रेटिसची म्हणतं, ती त्याच्याच एका शिष्यानं तिच्या तोंडी घातली आहे.

सॉक्रेटिसचाच शिष्य, इतिहासकार झेनोफोन याच्या लिखाणातला सॉक्रेटिसही तिचा हवाला देतो: लग्न जुळवणाऱ्या बायका खरं सांगून जुळवतात तेव्हाच लग्न टिकतं, खोटी तारीफ केली की नवरा-बायको एकमेकांचा आणि जुळवणारीचाही राग करतात.

दिवस 5: केरामेइकोस आणि अगोरा

पिरेउसहून मेट्रोची हिरवी रेघ पकडून थिसिओ. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात. केरामेइकोस या जुन्या कबरस्तानाचं दार एर्मू रस्त्यावर. आतले बरेचसे पुतळे आणि शिळा नकला आहेत, अस्सल वस्तू संग्रहालयांत. ईशान्येला दिपिलॉन दरवाजा, आणि त्यातून अकादमीकडे जाणारा जवळपास 40 मीटर रुंद रस्ता. युद्धात पडलेल्यांना या रस्त्याकडेला सरकारी खर्चानं पुरत आणि शहरानं निवडलेला माणूस तिथं भाषण करी. 431 च्या हिवाळ्यात पेरिक्लिस इथं बोलला. कबरींचा मोठा भाग आजच्या वस्तीखाली आहे. कुंपणाच्या आत ठळक दिसते ती 403 मधल्या स्पार्टन सैनिकांची कबर. तिथं थांबून भाषणातलं विधवांना उद्देशून असलेलं वाक्य आठवावं: पुरुषांत जिच्याबद्दल बरं किंवा वाईट, कमीत कमी बोललं जातं, तिची कीर्ती थोर. हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी आहे, ज्याच्या घरातल्या बाईइतकं अथेन्स दुसऱ्या कुणाबद्दल बोलत नव्हतं.

इथून चालत अगोरा, म्हणजे जुना बाजारचौक. आधी आद्रियानू रस्त्याच्या कठड्यावरून रेल्वेपलीकडचा स्टोआ बासिलेओस पाहून घ्यावा, कारण तो मुख्य आवारात येत नाही आणि हमखास राहून जातो. देवद्रोहाचे खटले या कचेरीत दाखल होत. प्लुटार्क सांगतो, हेर्मिप्पोसनं आस्पासियावर असा खटला भरला आणि पेरिक्लिसनं न्यायाधीशांपुढे अश्रू ढाळून तिला सोडवलं. हेर्मिप्पोस विनोदी नाटकं लिहायचा. नाटकातलाच एखादा प्रवेश पुढं खरा खटला समजला गेला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं, आणि ते पटण्यासारखं आहे.

आवारात शिरल्यावर थोलोस या गोल इमारतीचा पाया शोधावा. तिथून जवळच ‘मी अगोराची सीमा आहे’ असं कोरलेला दगड मूळ जागी उभा आहे. त्याला लागूनच चांभार सिमोनचं घर. खोदकामात चपलांचे खिळे, नाड्या ओवायच्या हाडाच्या कड्या आणि ‘सिमोनचा’ असं खरडलेला काळ्या पेल्याचा तळ मिळाला. सॉक्रेटिस त्याच्याकडे गप्पा मारायला बसायचा असं लिहिलेलं आहे. वस्तू अत्तालोसच्या स्टोआतल्या संग्रहालयात आहेत, आकारानं इतक्या लहान की लोक समोरून निघून जातात.

आस्पासियाला काय म्हणायचं, हा प्रश्न इथंच सोडवावा. 451 च्या, खुद्द पेरिक्लिसनं आणलेल्या कायद्यानं नागरिकत्वासाठी आई-बाप दोघंही अथेन्सचे असणं सक्तीचं झालं. आस्पासिया अथेन्समध्ये राहणारी परकी, म्हणजे मेटिक. मेटिक पुरुषाला वर्षाला 12 द्राख्मा कर, स्वतंत्र राहणाऱ्या बाईला 6, शिवाय एक नागरिक जामीन लागे. म्हणजे तिला कायद्यानं बायकोचं स्थान मिळूच शकत नव्हतं. क्रातिनोस हा विनोदी नाटककार तिला कुत्र्याच्या डोळ्यांची पाल्लाके म्हणाला. पाल्लाके म्हणजे घरात एकाबरोबर राहणारी, पण विवाहितेचा दर्जा नसलेली. मराठीत सर्रास ‘गणिका’ किंवा ‘रखेल’ लिहितात. दोन्ही शब्द चुकीचे, कारण त्यांत नाटकवाल्यांची शिवी उतरते आणि कायद्याची अडचण लपते. सहचारिणी म्हणावं.

दिवस 6: अॅक्रोपोलिसची उतरण आणि प्निक्स

अॅक्रोपोलिसचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, पहिली वेळ ऑनलाइन घ्यावी. पार्थेनॉन 447 ते 432, प्रोपिलाइआ 437 ते 432: तिच्या डोळ्यांदेखत झालेली कामं. उतरताना दक्षिण बाजूनं दिओनिसोसच्या नाट्यगृहाकडे यावं. दगडी बाकं नंतरची, तेव्हा लाकडी होती. 425 मध्ये अॅरिस्टोफेनिसच्या ‘अखार्नियन्स’मध्ये शेजारच्या मेगारा शहराच्या लोकांनी आस्पासियाकडच्या दोन वेश्या पळवल्या म्हणून अथेन्स आणि स्पार्टामधलं महायुद्ध पेटलं असा विनोद आला. तिच्या कुंटणखान्याची कथा याच मुळावर वाढली. ज्या शहरात दोन वर्षं सलग साथीनं माणसं मेली, त्याला दोष द्यायला परकी बाई सोयीची होती.

नाव कोरलेली तिची मूर्ती अथेन्समध्ये शोधू नये. ती व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, 1777 मध्ये इटलीत सापडलेली.

संध्याकाळी प्निक्स. तिकीट नाही, चढ सोपा, मात्र दगड घसरडे. आजचा चौथरा इसवीसनपूर्व चौथ्या शतकातला, पण अथेन्सची सभा भरायची ती याच टेकडीवर. आस्पासिया इथं कधीच बोलू शकली नसती. बायका आणि मेटिक दोघांनाही सभेत स्थान नव्हतं. साथीत पेरिक्लिसचे दोन्ही औरस मुलगे गेले तेव्हा त्यानं आपल्याच कायद्याला अपवाद मागितला, आणि आस्पासियाचा मुलगा, धाकटा पेरिक्लिस, नागरिक झाला. 429 मध्ये पेरिक्लिस गेला. 406 मध्ये हा मुलगा अर्गिनुसाइची लढाई जिंकणाऱ्या सेनापतींपैकी एक होता. वादळामुळे पाण्यात पडलेल्या खलाशांना वाचवता आलं नाही, म्हणून सर्व सेनापतींवर एकत्रच खटला चालवला गेला. सभेच्या अध्यक्षमंडळात त्या दिवशी सॉक्रेटिस होता. एकगठ्ठा मत घेणं कायद्याबाहेर आहे, मी ते टाकू देणार नाही, असं त्यानं सांगितलं. मत तरीही झालं, आणि अथेन्समध्ये असलेल्या सहा जणांना मारलं गेलं. आस्पासियाचा मुलगा त्यांत होता.

झेनोफोन एक बारीक गोष्ट नोंदवतो. आधीच्या सभेत सेनापतींची बाजू लोकांना पटत चालली होती. पण अंधार पडला, वर केलेले हात मोजता येईनात, म्हणून निर्णय पुढं ढकलला गेला. सूर्य मावळल्यावर साधारण अर्धा तास चौथऱ्यापाशी थांबलं की समोरच्या माणसाचा उंचावलेला हात नेमका कधी दिसेनासा होतो ते कळतं. उतरताना टॉर्च हवा.